आक्काच्या बांधातली हाडं

आंबेसांगवीच्या उसात त्या सकाळी जत्रा भरली होती. पाटाच्या भरावावर टेम्पो लागले होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून बाया उतरत होत्या आणि एका हुशार माणसाने रसवंतीचा गाडा आणून कडुनिंबाच्या सावलीला उभाही केला होता. आपल्याकडे चमत्कार कुठलाही असो, त्याच्या आधी रसवाला पोचतो. आदल्या संध्याकाळचा व्हिडिओ रात्रीतून तालुकाभर फिरला होता. नारळबाबांनी जमिनीच्या पोटात बघितलं आणि हरवलेल्या लेकराची हाडं काढून दिली, असं त्यावर लिहिलं होतं.

मी तिथे पोचले ती एका अडलेल्या गाईसाठी. मी सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर, हेलन भिंगारदिवे. गाईचं काम उरकून हात धुवत होते, तेवढ्यात गावचे पोलीस पाटील सुनील तांबे धावत आले. आक्काबाईला वाचवा म्हणाले. मी विचारलं, तिला काय झालं, तर म्हणाले, अजून झालं नाही, पण कढई चुलीवर चढली आहे.

आक्काबाई मला चांगली माहीत होती. साठीची विधवा, मूलबाळ नाही, दोन शेळ्या आणि पाटाकडेचा एक जमिनीचा तुकडा. शेळ्यांच्या औषधाला यायची तेव्हा फडक्यात बांधून शेवग्याच्या शेंगा आणायची आणि मी नको म्हटलं की रागवायची. तिच्या बांधाला लागून तिचा पुतण्या वैजनाथ याची वस्ती. हाडं निघाली होती ती तिच्या बांधात, आणि लेकरू हरवलं होतं ते वैजनाथचं.

रविराज त्याचं नाव. चार वर्षांचा होता. उन्हाळ्याचं आवर्तन सुटलेलं, पाट काठोकाठ भरून वाहत होता. रविराजची आई स्नेहल अंगणातून आत गेली ती तव्यावरची भाकरी उलथायला. बाहेर येऊन बघते तर पोर नाही. लोकांनी पाटात गळ टाकले, पोलिसांनी खाली गावापर्यंत काठ धुंडाळला, पण पाण्याला ओढ इतकी की आत उतरायची कुणाची छाती होईना. दोन-तीन दिवस असेच गेले आणि मग कुणीतरी नारळबाबांचं नाव काढलं.

या बाबांची ओळख करून द्यायला हवी. सहादेव हे त्यांचं पाळण्यातलं नाव आणि मूळ धंदा पाणाड्याचा. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरायचं. नारळ उभा राहील तिथे पाणी. पण या धंद्यात एक खोट आहे. बोअर कोरडं गेलं की मालक गचांडी धरतो. दोन-चार ठिकाणी तसं झाल्यावर सहादेवने पाण्याचा नाद सोडला आणि तो हरवलेल्या वस्तूंकडे, पळालेल्या सुनांकडे आणि गुप्तधनाकडे वळला. तिथे चूक झाली तरी लोक गप्प बसतात, कारण गुप्तधन सापडलं नाही हे सांगायलाही लाज वाटते. भगवी कफनी आली, गाडी आली, आणि बोलणंही बदललं.

"आमी डोळ्यांनी बघत न्हाई, बेंबीनं बघतो," असं तो सांगायचा. "सॅटेलाइटला जिथवर दिसत न्हाई, तिथवर आमाला दिसतं."

हा माणूस वैजनाथच्या अंगणात आला, नारळ घेऊन फिरला आणि म्हणाला की लेकरू पाण्यात नाही, जमिनीवर आहे, पाण्यात शोधाल तर हातचं जाईल. त्याच दिवशी लोकांनी गळ गुंडाळले. आठवड्याने आवर्तन बंद झालं, पाट आटला, चिखल उघडा पडला, तरी कुणी आत उतरलं नाही. एकट्या आक्काबाईने ओरड चालू ठेवली होती. ओढ्याच्या खालून पाट जिथे भुयारात शिरतो त्याला आमच्याकडे सायफन म्हणतात. त्या सायफनमध्ये बघा, माझ्या लहानपणी एक वासरू तिथेच अडकलं होतं, असं ती दिसेल त्याला सांगत होती. बाबाच्या कानावर हे गेलं आणि त्याला आयता दोर मिळाला. ती पुन्हा पुन्हा पाण्याकडे का बोट दाखवते? तिला जमिनीवरनं लोकांचं लक्ष का काढायचंय? वांझ बाई, एकटी राहते, रात्री बांधावर बसून कुणाशी बोलते? शहाणपणाचं एक वाक्य बोलणारी गावात एकच होती, आणि त्याच वाक्यावरून ती चेटकीण ठरली. दोन महिने हे असं तापत राहिलं आणि मग बाबाने तिचा बांध खोदायला लावला.

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. बांधाला मांडीइतका खोल खड्डा होता, त्याच्या भोवती हळद-कुंकवाचं रिंगण आणि कडेला लिंबांचा ढीग. खड्ड्याच्या तोंडाशी आक्काबाई बसली होती. तिच्या तोंडाला काळं फासलं होतं आणि एका बाजूचे केस उपटल्यासारखे विस्कटले होते. तीन दगडांच्या चुलीवर कढईत तेल तापत होतं. त्यात रुपया टाकायचा, आक्काने तो हाताने काढायचा, हात भाजला तर तिने लेकराचा बळी दिला, असा न्याय ठरला होता. उकळत्या तेलात कुणाचा हात भाजत नाही हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मला बघून आक्काबाई म्हणाली, "हेलनबाई, ती हाडं माझ्या पैलवानाची हायेत. मी कालपासनं सांगती, कोनी ऐकंना."

पैलवान म्हणजे तिचा कुत्रा. मी या दवाखान्यात येण्याच्या आधीच तो म्हातारा होऊन मेला होता. या भागात राखणीचं जुनं कुत्रं मेलं तर काही घरं त्याला उकिरड्यावर टाकत नाहीत, बांधाला पुरतात. आक्काने त्याच्यासाठी त्याहून जास्त केलं होतं. लहान लेकराला पुरतात तसं त्याला दुपट्यात गुंडाळलं होतं, अंगावर मीठ घातलं होतं आणि तोंडाजवळ भाकरीचा तुकडा ठेवला होता. संध्याकाळी ती बांधावर बसून बोलायची ती त्याच्याशीच. तेच दुपट्याचं कुजकं फडकं आता बाबाच्या चेल्याने काठीवर टांगून लोकांना दाखवलं होतं, आणि लहान लेकराचं दुपटं बघून बायांनी डोळ्यांना पदर लावले होते.

मी सुनीलरावांना विचारलं, पोलीस ठाण्यात का कळवलं नाही? ते म्हणाले, आत्ताच कळवलंय, गाडी निघालीय, पण बाबा म्हणाला खाकीचा हात लागला तर लेकराचा आत्मा अडकेल, म्हणून लोकांनी मला कालपासून फोनजवळ जाऊ दिलं नव्हतं. मी विचारलं, हाडं कुठे आहेत? त्यांनी नुसती मान वळवून दाखवलं.

कडुनिंबाखाली स्नेहल बसली होती. सव्वीस-सत्तावीसची मुलगी. तिच्या मांडीवर एक लहान निळा स्वेटर होता आणि त्यात ती हाडं. सगळ्या गोंगाटात ती एकटीच शांत होती. एका हाताने स्वेटरवर थोपटत होती, मूल झोपलेलं असताना थोपटतात तसं. मला तिथून निघून जावंसं वाटलं, हे मी सरळ सांगते.

मी तिच्याजवळ खाली बसले. बघू का, असं विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हळू धरा. काल घरी आनल्यापासनं कुनाच्या हातात दिलं न्हाई मी."

तिने स्वेटर उघडला. आत चार लांब हाडं होती, दोन पुढच्या पायांची, दोन मागच्या. तपकिरी झालेली, हलकी, कोरडी. हात लावायच्या आधीच मला कळलं होतं. जनावरांच्या कॉलेजात पहिल्या वर्षी आम्हाला डोळे मिटून ओळखायला लावायची ती हीच हाडं. कुत्र्याची दंडाची हाडं, कुत्र्याची मांडीची हाडं. मी ती हातात घेऊन नको तितका वेळ बघत राहिले, कारण त्यानंतर मला बोलावं लागणार होतं आणि ज्या बाईशी बोलायचं ती माझ्यासमोर बसली होती.

चुलीजवळ कुणीतरी ओरडलं की तेल तापलं. आक्काला दोघांनी दंडाला धरून उठवलं. मग मला उशीर करता येईना.

"थांबा," मी उठून म्हणाले. "ही माणसाची हाडं नाहीत. ही कुत्र्याची आहेत."

आक्काला धरणारे दोघं थांबले. बाबा मात्र हसला. त्याला असल्या प्रसंगांची सवय असावी.

"मॅडम, तुमी ख्रिश्चन. तुमाला आमच्यातलं काय कळनार?" तो गोड आवाजात म्हणाला.

मी त्याला सांगितलं, आमच्यातलंही मला चांगलं कळतं. माझ्या सख्ख्या मावशीने मधुमेहाच्या गोळ्या सोडून एका प्रार्थनावाल्याचं तेल पायाला चोळलं आणि पाय गुडघ्यापासून कापावा लागला. त्या प्रार्थनावाल्याशीही मी अशीच चारचौघांत भांडले होते, आणि तेव्हा आमच्या लोकांनीही मला असंच गप्प बस म्हणून सांगितलं होतं. हाडाला धर्म नसतो. ते दोन पायांचं असतं नाहीतर चार पायांचं.

मग मी बाबाकडे पाठ केली आणि लोकांशी बोलायला लागले. त्यात वैजनाथ पुढेच उभा होता, डोळे सुजलेले, हातात अजून बाबाच्या पूजेचं ताट. मी त्याला त्या ताटातली एक उदबत्ती मागितली. दंडाचं हाड उभं धरलं. कोपराच्या वर, दोन गोळ्यांच्या मधोमध, आरपार भोक होतं. मी उदबत्ती त्यातून घातली आणि ती दुसऱ्या बाजूने बाहेर काढली.

"हे भोक कुत्र्याच्या दंडात असतं," मी म्हणाले. "लहान लेकराच्या हातात असं भोक नसतं."

बाबा म्हणाला, करणीची सुई तिथून गेली आहे. काही लोकांनी माना डोलावल्या. मी म्हटलं बरं, आणि वस्तीवरचं एक कुत्रं बोलावलं. रसवंतीच्या गाड्याखाली एक तांबडं कुत्रं पडलं होतं, ते आलं. मी त्याला खाली बसवलं आणि ती हाडं एकेक करून त्याच्या पायाला लावून दाखवली. खांद्यापासून कोपर, ढोपरापासून खुबा. जिथे त्याचा पाय वाकत होता तिथे ते हाड संपत होतं. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी वाकून कुत्र्याचा पाय चाचपला, मग हाड चाचपलं, आणि ते मागे सरले.

"हे बघा," मी मांडीच्या हाडाचं टोक दाखवलं. "वाढत्या लेकराच्या हाडाची टोकं वेगळी असतात. टोक आणि दांडा यांच्यामध्ये मऊ हाडाची चकती असते. तिथूनच लेकरू उंच होतं. ते मोठं होईपर्यंत ती जुळत नाही. या हाडाची दोन्ही टोकं जुळून एक झाली आहेत. हे वाढ पूर्ण झालेलं जनावर आहे. आणि पोकळीत बघा, हरळीची मुळं आत शिरली आहेत. हरळी हाडात शिरायला वर्षं लागतात. तुमचं लेकरू दोन महिन्यांपूर्वी अंगणात खेळत होतं."

बाबाचा आवाज आता थोडा चढला. त्याने सांगून टाकलं की करणी इतकी जबर होती की मांस आतल्या आत जळालं, आणि माणसाची हाडं कुत्र्याची झाली. लोक चुळबुळले. काल संध्याकाळी ही हाडं लेकराची आहेत असं शपथेवर सांगणारा माणूस आज ती कुत्र्याची झाल्याचं सांगत होता, हे चार-दोन जणांच्या तरी लक्षात आलं.

मी विचारलं, डोकं कुठे आहे?

तो म्हणाला, मुंडकं बळीला गेलं.

मी विचारलं, फासळ्या? पाठीचे मणके? शेपटीची हाडं? बळीला काय काय गेलं?  डोकं नसण्याचं कारण साधं होतं. कुत्र्याची कवटी कुणाही पोराला ओळखता येते. लांबट तोंड, सुळे, एका नजरेत खेळ खलास. फासळ्यांचा आणि शेपटीचाही भरवसा नाही. पण पायाची लांब हाडं आपण कुणी कधी नीट बघितलेली नसतात. माणसाची असोत की कुत्र्याची, लांब हाड दिसलं की आपल्याला आपलं माणूस आठवतं.

मी सुनीलरावांना विचारलं, काल खोदायच्या आधी इथे कोण होतं? ते म्हणाले, परवा संध्याकाळी बाबाचा चेला मंत्राने जागा बांधायला आला होता. बांधाला साडीचा आडोसा लावला होता आणि आत कुणी बघायचं नाही अशी ताकीद होती. सुनीलराव शहाणा माणूस. पुढचं मला सांगावं लागलं नाही. ते आडोशाच्या बाजूच्या उसात शिरले आणि थोड्याच सऱ्या ओलांडून एक सिमेंटची पिशवी ओढत बाहेर आले. पिशवीवरची माती ओली होती. त्यांनी ती लोकांसमोर उलटी केली. मणके पडले, फासळ्या पडल्या आणि शेवटी कवटी पडली. म्हाताऱ्या कुत्र्याची, झिजलेल्या सुळ्यांची.

आक्काबाई खाली बसली आणि तिने ती कवटी पदराने पुसायला घेतली. पैलवान, असं एकदाच म्हणाली.

चेला पळायला बघत होता, त्याला दोघांनी धरला. पण जागा बाबाला कशी कळली, हे अजून उरलं होतं. तो पाणाड्या असेल, पण कुत्रं कुठे पुरलंय हे नारळ सांगत नाही. मी तेच मोठ्याने विचारलं. उत्तर वैजनाथने दिलं, आणि देताना त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता.

"मीच बोललो हुतो," तो म्हणाला. "गाडीत. त्यांनी इचारलं, शेजारी कोन हाय, कशी हाय. मी म्हनलं, आक्का लई येडी, कुत्र्याला लेकरावानी दुपट्यात घालून कडूलिंबाच्या बांधाला पुरलंय तिनं. आमी दोघं हसलो बी त्यावर."

हा सगळा चमत्कार एवढाच होता. बाबा बेंबीने बघत नव्हता, कानाने ऐकत होता. आपणच त्याला सांगायचं आणि त्याने तेच आपल्याला आवाज बदलून परत द्यायचं. दुःखात असलेला माणूस काय काय बोलून गेला हे त्याच्या लक्षात राहत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मात्र नेमकं राहतं. या धंद्याचं सगळं भांडवल ते आहे.

मग व्हायचं तेच झालं. ज्यांनी काल बाबाच्या पायाचं पाणी डोळ्याला लावलं होतं तेच त्याच्या कफनीला झोंबले. कुणीतरी म्हणालं, आता याचाच हात तेलात घाला. दोघा-तिघांनी त्याला चुलीकडे ओढलाही. बाबा रडायला लागला आणि रडताना तो अगदी साधा सहादेव झाला. मी आणि सुनीलराव मध्ये घुसलो, पण गर्दी आमच्याने आवरेना.

आक्काबाई कवटी मांडीवरून खाली ठेवून उठली. चुलीजवळ गेली, लुगड्याच्या पदराने कढईचे कान धरले आणि तेल खड्ड्यात ओतून दिलं.

"कुनाचाच हात नको," ती म्हणाली.

तोवर पोलिसांची गाडी भरावावर आली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्याखाली बाबाला आणि चेल्याला घेऊन गेले. रसवंतीवाला गाडा ढकलत निघाला, ट्रॉल्या परत फिरल्या. बरेचजण मान खाली घालून गेले आणि आक्काचं तोंड पुसायला पाणी कुणी आणलं नाही. ते मीच माझ्या बाटलीतलं दिलं. अशा वेळी कथा संपते आणि डॉक्टरीणबाईंचं कौतुक होतं. पण कडुनिंबाखाली स्नेहल तशीच बसली होती, रिकामा स्वेटर धरून, कारण हाडं तर माझ्या हातात होती.

मी तिच्याकडे गेले. ती मला म्हणाली, "काल रातच्याला मला झोप लागली हुती, बाई. इतक्या दिसांत पैल्यांदा. उशाला घेऊन झोपले हुते."

मी तिच्यासमोर टेकले.

"तुमी गप बसला असता तर चाललं असतं ना? मी त्याला पुरलं असतं. दिवा लावला असता."

मी म्हटलं, स्नेहल, आक्काचा हात जळाला असता. जीवही गेला असता. तिने मान हलवली, हो म्हणाली. तिला ते कळत होतं. कळूनही तिला ती हाडं हवी होती, आणि मला तिचा राग येईना. खोटं लोकांना का धरून ठेवतं हे मी पुष्कळदा भाषणांतून ऐकलं होतं. त्या दिवशी मी ते एका आईच्या हातातून काढून घेतलं आणि तिला त्या बदल्यात देण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं. एवढं वाईट मला माझ्या नोकरीत कधी वाटलं नाही.

आक्काबाई येऊन तिच्याजवळ बसली. तोंडावरचं काळं अजून पुरतं निघालं नव्हतं. कालपर्यंत तिच्या झिंज्या धरणाऱ्या बायांमध्ये स्नेहलही होती, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी ती आक्काच्या कुशीत पडली आणि तिने विचारलं, "आक्का, मग माझा रवी कुठं हाय?"

आक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सायफनात बघा, बाई. मी पैल्या दिसापासनं म्हनती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी माणसं आणली. पाट कोरडा होता, पण सायफनच्या पोटात पाणी आणि गाळ साचून होता. शेतकऱ्यांनी आपापल्या पाण्याच्या मोटारी आणून लावल्या आणि दुपारपर्यंत उपसा चालला. ज्यांनी गळ गुंडाळले होते तेच आता कमरेपर्यंत गाळात उभे राहून घमेली वर देत होते. वैजनाथला आत उतरू दिलं नाही. भुयाराच्या तोंडाशी, पाचटाच्या आणि झुडपांच्या गुंत्यात, रविराज सापडला.

त्याचं काय सापडलं हे मी लिहिणार नाही. त्याची चड्डी पिवळी होती आणि त्यावर हत्तीचं चित्र होतं, तेवढ्यावरून ओळखला. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तपासलं, नमुने घेतले, चार वर्षांचं मूल, पाण्यात पडून गेलं असं सांगितलं. कुणी मारलं नव्हतं, कुणी पुरलं नव्हतं. अंगण सोडून थोडं पुढे गेलं आणि पाय घसरला, एवढंच झालं होतं. हे आपल्याला पुरत नाही, म्हणून आपण चेटकीण शोधतो.

त्याला पुरायला नेताना गाठोडं पूर्ण बांधलेलं होतं. डॉक्टरांनी उघडू नका म्हणून बजावलं होतं. स्नेहलने उघडा म्हणून हट्ट केला नाही. वरून हात फिरवला आणि विचारलं, डोकं कुठल्या बाजूला आहे? वैजनाथने दाखवलं. मग ती त्या बाजूला तोंड लावून बसली. मी दूर उभी होते, तरी मला रडू आवरलं नाही.

त्या गोष्टीनंतर मला गावोगावी बोलावतात. शाळांमध्ये मी उदबत्ती आणि हाड घेऊन जाते, भोक दाखवते, हाडांची टोकं दाखवते. पोरं हसतात, बाबाची नक्कल केली की टाळ्या वाजवतात. मीही हसते. शेवटी मी एकच सांगते. लेकरू हरवलं तर आधी पाण्यात उतरा. विहीर बघा, शेततळं बघा, पाट बघा, सायफन बघा. पाणी बंद करायला लावा, पोलिसांना बोलवा, गळ गुंडाळू नका. देवाला विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण पाण्यातून वर आल्यावर. आणि गावातली एखादी एकटी बाई शहाणपणाचं काही सांगत असेल तर ती तसं का म्हणते हे शोधत बसण्याआधी ती काय म्हणते ते ऐका.

रविराज वाचला असता, असं मी कुणाला सांगत नाही. तो पहिल्याच घटकेला गेला होता. बाबाने त्याला मारलं नाही. बाबाने फक्त लोकांना पाटाच्या काठावरून उठवलं.

पण मागच्या महिन्यात स्नेहल दवाखान्यात आली होती, आक्काच्या शेळीला घेऊन. औषध घेतलं, शेळीचा दोर हाताला गुंडाळला आणि दारात थांबली. आवर्तन बंद झालं तेव्हाच कुणी उतरलं असतं तर, असं ती म्हणाली.

"त्याचं तोंड तरी बगायला मिळालं असतं, बाई."

एवढं बोलून ती शेळीला घेऊन गेली.